बिबट्या उसात, पोरगा मोबाईलमध्ये. वाचायला काय द्यावं?

पत्र : माझा मुलगा नववीत आहे. सहावी-सातवीपर्यंत फास्टर फेणेची पुस्तकं ताटाशेजारी उघडी ठेवून जेवायचा, ओरडलं तरी मिटायचा नाही. आता हातात फक्त मोबाईल. शाळेनं सुट्टीत पर्यावरणावरची पाच पुस्तकं वाचून टिपण लिहायला सांगितलंय. मी पुण्याहून दोन मागवली. त्यानं चाळली आणि ठेवून दिली. म्हणाला, "आई, सगळ्यांत तेच असतं. झाडे लावा, पाणी वाचवा." आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. मागच्या महिन्यात बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेलं. तेव्हापासून घरात रोज तोच विषय. ह्यांचं म्हणणं, दिसला की गोळी घालायला पाहिजे. मुलगा ऐकून घेतो, बोलत नाही. एकदाच म्हणाला, "शाळेत सांगतात वन्यजीव वाचवा. मग आपलं वासरू कुणी वाचवायचं?" मला काही सुचलं नाही. त्याला कुठली पुस्तकं देऊ? आणि ह्यांना वाटतं, गोष्टी वाचून शेतीला काय उपयोग, त्यांना काय सांगू? – एक आई

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलानं ती दोन पुस्तकं ठेवून दिली ते ठीकच झालं. त्यांची नावं तुम्ही कळवली नाहीत, पण अशी पुस्तकं मी वाचनालयाच्या कपाटात खूप पाहिली आहेत. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हातात पृथ्वी धरलेली मुलं, आत प्रत्येक धड्याच्या शेवटी 'आपण काय करू शकतो?' ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारं मूल असतं. ब्रश करताना नळ बंद ठेव, हे त्याला सांगणं बरोबरच आहे. तुमचा मुलगा मात्र रात्रीची लाईट आली की बापाबरोबर बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जात असेल, उसाच्या कडेनं, मागे-पुढे बघत. त्याला 'वाघ आपला मित्र' असलं काही वाचायला देणं म्हणजे त्याच्या भीतीची थट्टा आहे. चौदा वर्षांच्या पोराला अशी थट्टा लगेच कळते.

शिवाय त्यानं तुम्हाला विचारलेला प्रश्न त्या दोन्ही पुस्तकांपेक्षा मोठा आहे. तुम्हाला उत्तर आलं नाही यात कमीपणा मानू नका. तो प्रश्न ज्यांनी खरोखर अंगावर घेतला आणि घाईनं उत्तर देऊन मोकळे झाले नाहीत, अशी पुस्तकं त्याला द्यायची. ती बहुतेक 'पर्यावरण' या कप्प्यात सापडत नाहीत. कादंबऱ्यांत सापडतात, चरित्रांत सापडतात.

पहिलं नाव 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८च्या अमेरिकन कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. मूळ पुस्तकाला १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं, पण ते बाजूला ठेवा. फ्लॉरिडातल्या रानात एकटी वस्ती करून राहणारं एक शेतकरी कुटुंब आहे. आई, बाप आणि ज्योडी नावाचा मुलगा, वय तुमच्या मुलाहून थोडंसंच कमी. मक्याचं पीक आलं तर वर्ष निभणार, नाही तर नाही. रानात अस्वल आहे, लांडगे आहेत, ते जनावरं मारतात. बाप शिकारी आहे, पण गरजेपुरतीच शिकार करणारा. उगाच जीव घेतलेला त्याला खपत नाही. एकदा त्याला विषारी साप चावतो आणि विष उतरवण्यासाठी तो समोर दिसलेली हरिणी मारतो. तिचं पोरकं झालेलं पाडस ज्योडी घरी आणतो.

इथवरचं मुलाला सांगायला हरकत नाही. पुढचं तुमच्यासाठी लिहिते, त्याला सांगू नका. पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोंब खायला लागतं. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो, ते उडी मारून आत येतंच. शेवटी बाप त्याला सांगतो, गोळी घालावी लागेल. जीव लावलेल्या जनावराचं काय होतं आणि पोराचं काय होतं, ते पुस्तकातच वाचावं. या गोष्टीत कुणीही दुष्ट नाही. हरणाची चूक नाही, बापाची नाही, धान्याची काळजी करणाऱ्या आईचीही नाही. तुमच्या घरात सध्या जो वाद चालला आहे, तो इथं चारशेच्या आसपास पानं चालतो आणि वाचणारा एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला उभा राहतो. 'वन्यजीव वाचवा' म्हणणाऱ्या मास्तरांना आणि 'गोळी घाला' म्हणणाऱ्या वडिलांना, दोघांनाही या पुस्तकात जागा आहे.

काही पालक शेवट रडवणारा आहे म्हणून हे पुस्तक मुलांपासून लांब ठेवतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्या मुलानं पहाटे रिकामा गोठा पाहिला आहे त्याला गोड शेवटाची गोष्ट खोटी वाटेल. एक अडचण मात्र खरी आहे. सुरुवातीची पानं संथ आहेत, आणि मोबाईलवर बोट सरकवायची सवय झालेला मुलगा तिथंच कंटाळेल. साप चावण्याचा प्रसंग शोधून तिथपासून एके संध्याकाळी तुम्हीच मोठ्यानं वाचायला लागा, स्वयंपाक उशिरा झाला तरी चालेल. मागचं त्याला हवं असेल तर तो स्वतः मागे जाईल.

दुसरं पुस्तक आपल्याच राज्यातलं आहे, विलास मनोहर यांचं 'नेगल'. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ हेमलकसा इथं प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचं काम १९७३पासून चालू आहे. शिकारीत आई मारली गेली की मागे राहिलेली पिल्लं तिथले माडिया आदिवासी आणून द्यायचे आणि त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. नेगल हे तिथल्या एका बिबट्याचं नाव. बिबट्याच्या पिल्लाला वाढवणं म्हणजे काय, त्याचा लळा कसा लागतो आणि लळा लागला तरी तो बिबट्याच कसा राहतो, हे मनोहर सरळ, बिनरंगाच्या भाषेत सांगतात. रात्रीच्या अंधारात दोन डोळे एवढीच ज्याची ओळख, त्या जनावराला या पुस्तकात भूक लागते, ते खेळतं, आजारी पडतं. मुलाची भीती त्यानं जाईल असं मी म्हणणार नाही, आणि जायलाही नको. अंधारात उसात शिरताना भीती असलेली बरी.

जिम कॉर्बेटबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याची त्याची हकिकत भारी आहे. सव्वाशे माणसं मारणारा तो बिबट्या कॉर्बेटनं १९२६ साली टिपला. मराठीत कॉर्बेट भरपूर मिळतो. तरी हे पुस्तक सध्या नको. ज्या घरातल्या माणसांना रात्री शेतात जावं लागतं तिथं ते कपाटातच राहू द्या, दहावीनंतर वाचेल.

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर थोडं पुस्तकाबाहेरचं. त्याच्या टिपणाला उपयोगी पडेल. तुमच्याच जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात नेऊन सोडले होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की माणसांवरचे हल्ले त्यामुळे कमी झाले नाहीत, उलट वाढले. आपला इलाखा सोडून अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर जास्त बिथरतं. आणि उसाचं म्हणाल, तर बारा-पंधरा महिने उभं राहणारं दाट पीक, पाणी जवळ, आसपास कुत्री, शेळ्या, डुकरं. मादीला पिल्लं घालायला याहून बरी जागा कुठली? तिथं जन्मलेल्या बछड्याच्या लेखी ऊस हेच जंगल. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तुमच्यापासून फार लांब नसावं. वनरक्षकाला, ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या माणसांना, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला मुलानं विचारलं की पूर्वी इथं काय होतं, बिबटे कधीपासून दिसायला लागले, तर त्याच्या टिपणाला जो जीव येईल तो पाच पुस्तकांच्या सारांशानं येणार नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' हे तिसरं. पातळ पुस्तक आहे, पोरांना हे आधी सांगावं लागतं. वानरांच्या टोळीतली सत्तेची लढाई, जुना हुप्प्या आणि नवा हुप्प्या. १९८३ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यात कुणी वानराला शहाणपण शिकवत नाही आणि वानरही माणसाला शिकवत नाहीत. निसर्ग प्रेमळ असतो हा समज त्यात पार मोडतो. काही प्रसंग क्रूर आहेत, पण नववीतल्या मुलाला झेपतील. हे आवडलं तर त्यांचंच 'बनगरवाडी' पुढे द्या. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर तरुण मास्तर येतो, आणि पाऊस न पडणं म्हणजे काय हे एकाही भाषणाशिवाय कळतं. दुष्काळावरचे अहवाल मी वाचले आहेत, पण डोळ्यांपुढे उभी राहते ती बनगरवाडीच.

मारुती चितमपल्लींचं काही तरी हवंच. आयुष्य वनखात्यात काढलेला हा माणूस जून २०२५मध्ये सोलापुरात गेला, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. लोक उत्साहानं 'चकवा चांदण' हे जाडजूड आत्मचरित्र मुलांच्या हातात देतात आणि ते तसंच परत येतं. 'रानवाटा'पासून सुरुवात करा. सुटे लेख आहेत, कुठूनही उघडावं. एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा. चितमपल्ली स्वतः पाहिलेलं लिहितात, तसंच रानातल्या माणसांकडून ऐकलेलंही लिहितात. त्यातलं शास्त्र किती आणि समजूत किती, हे त्यानं वाचता वाचता स्वतः ठरवावं. चौदाव्या वर्षी मोठ्यांचं म्हणणं तपासून पाहायला मिळालं की मुलं खूश असतात. मास्तरांना टिपणात हेच जास्त आवडेल. निदान आवडायला हवं.

आता पाचवं. इथं मी दोन नावं देते, त्यानं एक निवडावं. कृष्णमेघ कुंटे यांचं 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे तमिळनाडूतल्या मदुमलाईच्या जंगलात राहिलेल्या कॉलेजच्या पोराचं लिखाण. कुंटे पुढे फुलपाखरांचे मोठे अभ्यासक झाले, पण पुस्तकात भेटतो तो हत्ती समोर आला की पळणारा, पुन्हा दुसऱ्या दिवशी तिथंच जाणारा पोरगा. भाषा अगदी आजच्या मुलांच्या जवळची. जंगलात फिरणं हेही एक काम असू शकतं, त्याचा पगार मिळू शकतो, ही गोष्ट तुमच्या भागातल्या मुलांना फारशी कुणी सांगत नाही. या पुस्तकातून ती आपोआप कळते. दुसरं गो. नी. दांडेकरांचं 'माचीवरला बुधा'. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा, त्याचं झोपडं, झाडं, जनावरं, बाकी काही नाही. घडामोडी हव्या असणाऱ्या मुलाला हे जड जाईल. पण तो शिवनेरी, जीवधन, नाणेघाट असं भटकणारा असेल तर हेच द्या.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी मुद्दाम यादीत घेतलेलं नाही. माझं लाडकं पुस्तक आहे ते, पण नववीत गळ्यात मारलं की मुलं त्याला जन्मभर घाबरतात. तुम्ही आणा, तुमच्यासाठी. चालू महिन्यावरचा लेख तेवढा वाचा आणि पुस्तक घरात पडू द्या.

शाळेत कुणी म्हणालं की 'पाडस' ही कादंबरी आहे, पर्यावरणाचं पुस्तक नाही, तर तुम्ही भांडायला जाऊ नका. ही कादंबरी पर्यावरणाची का आहे, हे मुलालाच अर्ध्या पानात लिहू द्या.

टिपण संपलं की खरं वाचन सुरू होतं, आणि त्यासाठी पर्यावरणाचं नाव काढायचीही गरज नाही. फास्टर फेणेवर वाढलेल्या मुलाचं वाचन बहुतेक आठवी-नववीतच तुटतं, कारण बालसाहित्य लहान वाटायला लागतं आणि मोठ्यांच्या पुस्तकांत त्याच्या वयाचं कुणी भेटत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन तिथं भेटतो, 'वनवास'मध्ये. आजी-आजोबांकडे राहणारा, सगळ्या गोष्टींचा वेडावाकडा विचार करणारा मुलगा आहे. त्यातली बेळगावकडची बोली पहिल्या काही पानांत अडखळवते, मग तिचीच गोडी लागते. रहस्यकथा हव्या असतील तर सत्यजित राय यांच्या फेलुदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ म्हणून बक्षीस मिळायला नको होतं त्यांना! हा किस्सा मुलांना सांगितला की पुस्तक हातात घेतलंच जातं.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' तुमच्या मुलाच्याच इयत्तेची आहे. नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, आणि एका मुलीवर जीव जडलेला मुकुंद. त्यात मुलांच्या तोंडच्या शिव्या आहेत, मुलींबद्दलच्या गप्पा आहेत. तुम्ही आधी वाचा. वाचून झाल्यावर ती कपाटात दिसेल अशी ठेवा, 'वाच' म्हणू नका. मित्रांकडून अर्धवट कळण्यापेक्षा बोकिलांकडून कळलेलं केव्हाही बरं.

मोबाईल काढून घेऊ नका, त्यानं भांडण तेवढं वाढेल. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचा ढीग आहे, तोही फुकट. विज्ञानाची खेळणी कशी करायची तेही तिथंच आहे, म्हणजे अभ्यास सोडून हातोडी घेऊन बसण्याची तयारी ठेवा. हिंदी त्याला जमत असेल तर अनुपम मिश्र यांचं 'आज भी खरे हैं तालाब' फोनवर उतरवून द्या. १९९३ साली आलेल्या या पुस्तकावर लेखकानं स्वतःचा हक्कच ठेवला नाही, कुणीही छापावं, वाटावं. जुन्या काळी गावोगावचे तलाव कुणी बांधले, कसे राखले, याची ती हकिकत आहे. बोअर किती फूट खाली गेली यावर ज्या घरात बोलणं होतं तिथं ते मोठ्यांनीही वाचण्यासारखं आहे.

वाचून झाल्यावर 'काय शिकलास?' हे विचारायचं नाही. पुस्तक अर्धवट टाकलं तर का टाकलं हेही नाही. तुम्ही स्वतः एखादं वाचत असाल आणि त्यातलं काही आवडलं, खटकलं, तर जेवताना आपणहून सांगा. तो ऐकत असतो. बिबट्यावरून तो घरात गप्प आहे म्हणजे त्याचं मत नाही असं समजू नका. वडिलांविरुद्ध बोलायचं नाही आणि शाळेविरुद्धही नाही, या कात्रीत तो सापडलाय. पुस्तकातल्या ज्योडीच्या बापाबद्दल मात्र तो बोलू शकेल. तेव्हा त्याला अडवू नका, आणि 'म्हणजे आपल्या घरी जसं' असं जोडूनही देऊ नका.

राहिला त्याच्या वडिलांचा प्रश्न. त्यांना काही सांगू नका, वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आणून द्या. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामाच्या पोटी जन्मला आणि पुढे कृषिशास्त्रज्ञ झाला. १८९६ साली तो अलाबामातल्या टस्कीगी इथल्या संस्थेत आला, तेव्हा तिथल्या जमिनी वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन मेलेल्या होत्या. त्यानं शेतकऱ्यांना आलटून पालटून भुईमूग, चवळी, रताळी घ्यायला लावली, माती पुन्हा कसाला आणली आणि एवढ्या भुईमुगाचं करायचं काय म्हणून त्याचे नाना पदार्थ शोधले. शेतकरी शाळेत येत नाहीत म्हटल्यावर घोडागाडीत अवजारं आणि बियाणं घालून तो शाळाच त्यांच्या बांधावर घेऊन गेला. हे पुस्तक १९८१पासून मराठी घरांत वाचलं जातंय. उसामागून ऊस घेणाऱ्या माणसाला त्यातलं काय दिसेल ते मी इथं बसून सांगू शकत नाही. पण शेतीला उपयोग काय, हे पुस्तक वाचून झाल्यावर त्यांनीच ठरवावं. आणि मुलाच्या पाचांत एखादं कमी पडत असेल, तर वडिलांचं वाचून होताच हेच त्याला द्या.

यातलं बरंचसं तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात असायला हवं. 'पाडस' आणि 'नेगल' आधी मागा. नसतील तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवून या. वाचकानं लेखी मागितलेलं पुस्तक पुढच्या खरेदीत येण्याची शक्यता बरीच असते. टिपणाची तारीख जवळ आली असेल तर 'सत्तांतर'पासून सुरुवात करा, ते सगळ्यांत लवकर वाचून होतं.